मॅरेथॉनची शर्यत आणि लांबची धांव

मुंबईंत २००४ सालीं मॅरेथॉनची मोठी शर्यत सुरू झाली, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील लहानमोठ्या शहरांतूनहि पहाटे धांवणाऱ्या स्त्री-पुरुषांची संख्या वाढत गेली. हे लोक कांहीं व्यवसायी खेळाडू नव्हेत. कोणी कचेरींत काम करतो, कोणी दवाखाना चालवितो, कोणी घरसंसार सांभाळून दोन घटका मोकळ्या काढते. ४२ किलोमीटर १९५ मीटरांचें अंतर एकदां पुरें झालें, कीं या मंडळींच्या मनांत दुसरी इच्छा उत्पन्न होते. गेल्या खेपेस साडेचार तास लागले. पुढच्या खेपेस चार तासांत जमेल काय? या इच्छेबरोबरच एक प्रश्न उभा राहतो. वेळ कमी करावयाचा, तर आठवड्यांतून एकदां तीस-बत्तीस किलोमीटरांची लांब धांव घेतलीच पाहिजे काय? कीं तेवढेच श्रम थोड्या अंतराच्या पण वेगाच्या धांवण्यांत घातले, तर अधिक फळ मिळेल?

हा प्रश्न वरकरणी खेळाचा दिसतो. परंतु संसारी माणसाच्या दृष्टीनें त्यांत पुष्कळ कांहीं गुंतलेलें आहे. आठवड्यांत मोकळी सकाळ एकच. ती सगळी रस्त्यावर गेली, तर उरलेला दिवस थकव्यांत जातो आणि घरच्या माणसांच्या वांट्यास कांहीं येत नाहीं. शिवाय चाळिशी उलटलेल्या माणसाचा गुडघा किंवा टांचेवरची शीर एकदां दुखावली, म्हणजे महिनेच्या महिने धांवणें बंद पडतें. उत्तर चुकीचें मिळालें, तर मेहनत करूनहि वेळ कमी होत नाहीं आणि शरीराचें मात्र नुकसान होतें. म्हणून या बाबतींत थोर धांवपटूंनीं काय केलें आणि त्याचें कारण काय, हें नीट तपासून पाहणें योग्य होय.

प्रथम या शर्यतीचें अंतर कसें ठरलें तें पाहूं. १८९६ सालीं अथेन्स येथें आधुनिक ऑलिंपिक सामने पहिल्यानें भरले. मॅरेथॉन गांवापासून अथेन्सपर्यंतची सुमारें ४० किलोमीटरांची वाट स्पिरिडॉन लुइस या पाणी वाहणाऱ्या ग्रीक तरुणानें २ तास ५८ मिनिटें ५० सेकंदांत तोडली. १९०८ सालीं लंडनच्या सामन्यांत विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणांतील राजघराण्याच्या आसनापर्यंत वाट आंखण्यांत आली. ती २६ मैल ३८५ यार्ड भरली. पुढें १९२० सालीं अँटवर्प येथें अंतर पुन्हां निराळें, म्हणजे ४२ किलोमीटर ७५० मीटर होतें. दोराबजी टाटा यांच्या खटपटीनें हिंदुस्थानांतून जी छोटी तुकडी तेथें गेली, तींत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे होते. त्यांनीं ही वाट २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी केली आणि त्यांचा एकोणिसावा क्रमांक लागला. दुसऱ्याच वर्षीं, १९२१ सालीं, लंडनचें अंतर कायमचें म्हणून ठरविण्यांत आलें. म्हणजे मनुष्याच्या शरीराचा विचार करून हें अंतर कोणीं ठरविलेलें नाहीं. परंतु योगायोग असा, कीं मनुष्याच्या अंगांतील एक महत्त्वाचा शिधा जेथें संपत येतो, त्याच्या थोडें पुढें ही शर्यत संपते. वेळ कमी होण्याचा सगळा प्रश्न त्या शेवटच्या थोड्या अंतरांत दडलेला आहे.

लांब धांव अनावश्यक आहे असें म्हणणारे लोक बहुधा एमिल झाटोपेक याचें उदाहरण देतात, आणि तें उदाहरण खरोखरच विलक्षण आहे. चेकोस्लोव्हाकियांतील हा तरुण बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यांत काम करीत असे. पुढें तो सैन्यांत अधिकारी झाला. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यानें १०,००० मीटर आणि ५,००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि तीनच दिवसांनीं, २७ जुलै रोजीं, तो मॅरेथॉनसाठीं उभा राहिला. ही शर्यत तो जन्मांत पहिल्यानेंच धांवत होता. त्या काळीं जगांत सर्वांत वेगवान मानला जाणारा इंग्रज धांवपटु जिम पीटर्स पुढें होता. त्याला गांठून झाटोपेकनें, “हा वेग ठीक आहे काय?” असें विचारलें, आणि “फार सावकाश आहे” असें उत्तर मिळतांच त्यानें वेग वाढविला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पीटर्सला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटें ३ सेकंदांत पोंचला. दुसरा धांवपटु त्याच्यामागून अडीच मिनिटांनीं आला.

या माणसाच्या तयारींत रस्त्यावरच्या तीस-पस्तीस किलोमीटरांच्या धांवेला कांहीं विशेष स्थान नव्हतें. त्याचा मुख्य भर ४०० मीटरांच्या तुकड्यांवर होता. ४०० मीटर वेगानें जावयाचें, मग सुमारें २०० मीटर सावकाश पळत श्वास सांवरावयाचा, आणि पुन्हां ४०० मीटर. असें वीस वेळां. पुढें चाळीस वेळां, आणि कांहीं काळ त्याहूनहि अधिक. एवढें ऐकून पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात, कीं वेगाचे तुकडे केले म्हणजे पुरे, लांब धांव नको. परंतु येथें साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहावा. चाळीस वेळां ४०० मीटर म्हणजे १६ किलोमीटर. मधल्या सावकाश धांवेचे ८ किलोमीटर. एकूण २४ किलोमीटर. हें आठवड्यांतून एकदां नव्हे, तर दिवसामागून दिवस, हिंवाळ्यांत आणि उन्हाळ्यांत, वर्षानुवर्षें. झाटोपेकनें लांब धांव सोडली होती असें म्हणण्यापेक्षां त्यानें ती चिरून रोज वांटून घेतली होती असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

दुसऱ्या बाजूचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे न्यू झीलंडचा आर्थर लिडियार्ड. तोहि जोड्यांच्या कारखान्यांतला कामगार. स्वतःचें शरीर हीच त्यानें प्रयोगशाळा केली. आठवड्याला कधीं थोडे मैल, कधीं अतोनात मैल धांवून त्यानें अनेक वर्षें अनुभव घेतला आणि शेवटीं आठवड्यास सुमारें १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हें प्रमाण उत्तम असें ठरविलें. ऑकलंड शहराजवळच्या डोंगरांतून वायाटारुआकडे जाणारा २२ मैलांचा चढउताराचा फेरा त्याचे शिष्य दर रविवारीं करीत. या शिष्यांत केवळ मॅरेथॉनवाले नव्हते. २ सप्टेंबर १९६० रोजीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें पीटर स्नेल यानें ८०० मीटरांची आणि मरे हॅलबर्ग यानें ५,००० मीटरांची शर्यत जिंकली. आठ दिवसांनीं बॅरी मॅगी यानें मॅरेथॉनमध्यें तिसरा क्रमांक मिळविला. स्नेल तर त्याहून पुढें गेला. १९६१ च्या डिसेंबरांत तो मॅरेथॉन धांवला आणि लगेच जानेवारी १९६२ मध्यें त्यानें एक मैलाच्या शर्यतींत ३ मिनिटें ५४.४ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. लांब धांवेनें वेग मारला जातो, ही समजूत त्यामुळें पार मोडली.

एकानें तुकडे केले, दुसऱ्यानें सलग डोंगर पार केले. आणि दोघांचीहि फळें उत्तम. मग सत्य कोणतें? याचें उत्तर शरीराच्या आंत पाहिल्यावांचून मिळत नाहीं.

धांवतांना स्नायूंना दोन प्रकारचें जळण मिळतें. एक साखर आणि दुसरें चरबी. साखर ग्लायकोजेन या रूपानें सांठविलेली असते. यकृतांत सुमारें १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारें ४०० ते ५०० ग्रॅम. एका ग्रॅमापासून चार उष्मांक मिळतात असें धरलें, तर हा सगळा शिधा दोन हजार उष्मांकांच्या आसपास भरतो. आतां खर्चाची बाजू पाहा. धांवणाऱ्याच्या दर किलो वजनामागें एका किलोमीटरास साधारण एक उष्मांक लागतो. साठ किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठीं सुमारें अडीच हजार उष्मांक हवेत. हा हिशेब स्पष्टपणें तुटीचा आहे, आणि ती तूट तीस किलोमीटरांच्या पुढें अंगास जाणवूं लागते. पाय शिशासारखे जड होतात, डोकें सुन्न होतें, आणि तोंवर मिळविलेलीं मिनिटें एकामागून एक हातांतून निसटतात. १९२४ सालीं बॉस्टन येथें डॉक्टरांनीं शर्यत संपविणाऱ्यांचें रक्त तपासलें, तेव्हां गलितगात्र झालेल्यांच्या रक्तांत साखर फार कमी झालेली आढळली; पुढच्या वर्षीं वाटेंत गोड पदार्थ दिल्यावर त्यांची अवस्था पुष्कळ सुधारली.

चरबीचा सांठा मात्र मुबलक असतो. सडपातळ माणसाच्या अंगीं सहा किलो चरबी असली, तरी तींत पन्नास हजारांवर उष्मांक असतात. पण साखर म्हणजे चुलींतल्या वाळक्या काटक्या आणि चरबी म्हणजे जाड ओंडका. काटकी पटकन् पेटते; ओंडक्याला वेळ आणि हवा दोन्ही अधिक लागतात. नित्य धांवण्यानें स्नायूंच्या पेशींतील मायटोकाँड्रिया नांवाच्या सूक्ष्म भट्ट्या वाढतात. १९६७ सालीं जॉन हॉलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञानें उंदरांना दीर्घकाळ पळवून हें प्रथम स्पष्ट दाखवून दिलें. भट्ट्या वाढल्या म्हणजे त्याच वेगानें धांवतांना ओंडका अधिक जळतो आणि काटक्या शिल्लक राहतात. हें काम मुख्यतः आठवड्याच्या एकूण धांवण्यानें होतें. तें एका रविवारीं होत नाहीं, आणि त्यासाठीं रविवारच हवा असेंहि नाहीं. झाटोपेकचें यश येथें उलगडतें.

मग सलग लांब धांवेनें निराळें असें काय होतें? तीन गोष्टी होतात. पहिली ही, कीं सावकाश धांवतांना स्नायूंतील कांहींच तंतु काम करीत असतात. ते थकले आणि त्यांचा शिधा संपत आला, म्हणजे जे तंतु एरवीं केवळ वेगासाठीं जागे होतात, त्यांनाहि कामास लागावें लागतें व चिवटपणा शिकावा लागतो. मध्यम अंतराच्या धांवपटूला बावीस मैलांचा फेरा कां मानवला, याचें हेंच कारण पीटर स्नेल पुढें अमेरिकेंत शरीरविज्ञानाचा अभ्यास करून शास्त्रज्ञ झाल्यावर सांगत असे. दुसरी गोष्ट म्हणजे हजारों वेळां जमिनीवर आपटणाऱ्या पायांचे स्नायु, शिरा व हाडें त्या माऱ्याला सरावतात. सायकल चालवून किंवा पोहून हा सराव होत नाहीं. तिसरी गोष्ट तालमीची. वाटेंत किती पाणी प्यावें, कोणता गोड पदार्थ पोटाला मानवतो, कोणता जोडा कोठें चावतो, हें दोन तास उलटल्याशिवाय कळत नाहीं. अलीकडे शास्त्रज्ञ आणखी एका गुणाकडे लक्ष देऊं लागले आहेत. दोन धांवपटूंची ताज्या अंगानें केलेली चांचणी सारखीच उतरते. पण दोन तासांच्या श्रमानंतर एकाची शक्ति फारशी घटत नाहीं आणि दुसऱ्याची झपाट्यानें घटते. शर्यतीचा निकाल पुष्कळदां या टिकाऊपणावर ठरतो.

हे लाभ ऐकून एखाद्यानें लगेच पुढच्या रविवारीं बत्तीस किलोमीटर धांवावयास निघावें, हें मात्र बरोबर नव्हे. केनियाच्या एलिउड किपचोगे यानें २०२२ सालीं बर्लिन येथें २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. काप्टागट येथील उंच पठारावर तो दर गुरुवारीं आळीपाळीनें ३० व ४० किलोमीटर धांवत असे, हें सर्वश्रुत आहे. त्याचे अनुकरण करणारे दोन गोष्टी विसरतात. त्याचें आठवड्याचें एकूण धांवणें २०० किलोमीटरांच्या वर असे. म्हणजे ४० किलोमीटरांची धांव हा जेमतेम पांचवा हिस्सा झाला. शिवाय ते ४० किलोमीटर तो अडीच तासांच्या आंत संपवी. साडेचार तासांची मॅरेथॉन धांवणारा गृहस्थ सरावाच्या वेगानें बत्तीस किलोमीटर गेला, तर त्याला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. अंतर कमी, पण शरीरावरचा मारा तासभर अधिक. पाय किलोमीटर मोजीत नाहींत; ते किती वेळ आपटत राहिले, एवढेंच त्यांना कळतें.

या विचारानेंच अमेरिकेंतील नामांकित शिक्षक जॅक डॅनियल्स यांनीं दोन मर्यादा घालून दिल्या होत्या. लांब धांव आठवड्याच्या एकूण अंतराच्या शेंकडा २५ ते ३० पेक्षां अधिक नसावी, आणि ती अडीच तासांच्या पुढें जाऊं नये. यांतील जी मर्यादा आधीं लागेल ती पाळावी. मिशिगन राज्यांतील केव्हिन आणि कीथ हॅन्सन या बंधूंनीं सामान्य धांवणाऱ्यांसाठीं आंखलेल्या क्रमांत सर्वांत लांब धांव १६ मैलांची, म्हणजे सुमारें २६ किलोमीटरांची असते. मात्र त्यांच्या क्रमांत आठवड्याचे सहा दिवस धांवावयाचें असतें, त्यामुळें रविवारीं माणूस निघतो तो आदल्या दिवसांचा थकवा पायांत घेऊनच. शर्यतीचे पहिले सोळा मैल नव्हे, तर शेवटचे सोळा मैल घोटून घेणें हा त्यांतील हेतु आहे.

नोकरी सांभाळून हें कसें साधतें, याचें उत्तम उदाहरण जपानच्या युकी कावाउची याचें. तो सैतामा प्रांतांतील सरकारी शाळेंत कारकून होता. व्यवसायी धांवपटु दिवसांतून दोनदां सराव करीत. याला कामामुळें एकदांच सवड मिळे. कामाच्या दिवशीं नेमानें बेताची धांव, सुटीच्या दिवशीं लांब धांव, आणि वर्षभर अनेक शर्यती हाच सराव, असा त्याचा क्रम होता. एप्रिल २०१८ मध्यें बॉस्टन येथें गारठ्यांत आणि पावसांत मोठमोठे व्यवसायी धांवपटु हतबल झाले असतां हा कारकून २ तास १५ मिनिटें ५८ सेकंदांत पहिला आला. त्याची सुटीची लांब धांव डोळ्यांत भरते. पण ती उभी होती कामाच्या दिवसांतील नेमावर.

हेंच तत्त्व चार तासांचें ध्येय धरणाऱ्या गृहस्थाला लावून पाहतां येईल. समजा, तो मंगळवारीं व गुरुवारीं सहा-सहा किलोमीटर धांवतो आणि रविवारीं एकदम तीस. आठवड्याचे ४२ किलोमीटर झाले खरे, पण त्यांतील दहांत सात हिस्से एकाच दिवशीं. वर्षभर पुस्तक न उघडतां परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करणाऱ्या विद्यार्थ्यासारखी ही तयारी झाली. तिच्या ऐवजीं त्यानें मंगळवारीं ८, बुधवारीं ६, गुरुवारीं १०, शनिवारीं ६ आणि रविवारीं २२ किलोमीटर धांवावें. एकूण ५२ किलोमीटर होतात. आठवड्याला तासभर अधिक लागतो, हें खरें; परंतु रविवारचा तास वांचतो आणि तो सकाळीं आठाच्या आंत घरीं येतो. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत, जेथें घाम वाळतच नाहीं, तेथें उन्हाआधीं घरीं येणें ही लहान गोष्ट नव्हे. रविवारचा हिस्सा डॅनियल्स यांच्या प्रमाणाहून अजूनहि अधिकच आहे, पण दिशा बदलली आहे. असे दोन-तीन महिने निभावले आणि कोठें दुखलें-खुपलें नाहीं, म्हणजे शर्यतीपूर्वीं दोन-तीन वेळां रविवारची धांव २६ किलोमीटरांपर्यंत, फार तर तीन तासांपर्यंत न्यावी. गुरुवारच्या धांवेंत कांहीं वेगाचे तुकडे घालावे आणि एखाद्या रविवारीं शेवटचे पांच-सहा किलोमीटर शर्यतीच्या वेगानें, म्हणजे किलोमीटरास पांच मिनिटें चाळीस सेकंदांच्या आसपास, पुरे करावे. शर्यतीच्या आधींचे दोन-तीन आठवडे अंतर उतरवीत आणावें. त्या काळांत केलेल्या मोठ्या धांवेचें फळ शर्यतीपूर्वीं पदरांत पडत नाहीं, थकवा मात्र पडतो.

या सर्व विवेचनाचें सार असें सांगतां येईल. मॅरेथॉनचा वेळ कमी करण्यासाठीं बहुतेकांना लांब धांव आवश्यक आहे. परंतु ती आवश्यक वस्तूंपैकीं पहिली नव्हे. रोज चोवीस किलोमीटर धांवण्याची झाटोपेकची तयारी ज्याची असेल, त्याला ती सोडतां येईल. आठवड्यांतून तीन दिवस धांवणाऱ्यानें ती सोडली, तर त्याच्यापाशीं विशेष कांहीं उरत नाहीं. आणि त्यानें तीच तेवढी वाढविली, तर गुडघा उरत नाहीं. ज्याचा वेळ गेल्या दोन शर्यतींत घटला नसेल, त्यानें रविवारचें अंतर वाढविण्याआधीं आपल्या मंगळवाराकडे आणि गुरुवाराकडे पाहावें. ते दिवस भरून निघाले, म्हणजे रविवारीं अडीच तास पुरतात. ते रिकामे असतील, तर चार तासहि पुरणार नाहींत.